आवडती ब्रुअरी आणि आपला रुसवा

२००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी ही एक. गव्हाच्या बिअरमधला केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टमुळे येतो, हे आता आमचे कित्येक वाचक सहज सांगतात. अशी चव एकदा जिभेवर बसली की माणूस त्या ब्रुअरीचा होऊन जातो, पाहुण्यांनाही हट्टाने तिथेच नेतो. म्हणूनच एखाद्या खेपेला ग्लासातून लोण्यासारखा वास आला की मन खट्टू होतं. हा वास डायअसिटिल या संयुगाचा. आंबवण्याच्या शेवटी यीस्ट ते पुन्हा शोषून घेतं. त्याला तेवढा वेळ दिला नाही, किंवा नळाच्या नळ्या अस्वच्छ राहिल्या, की तो वास जाणवतो. ताजी, न गाळलेली बिअर दर वेळी थोडी वेगळी लागणार, हे आम्हाला मान्य आहे. घाई मान्य नाही.

आज पर्याय भरपूर आहेत, त्यामुळे नाराज गिऱ्हाईक न बोलता दुसरीकडे जातं. आम्हाला हे खटकतं. या अंकात म्हणूनच ब्रुअर आणि नेहमीचे ग्राहक समोरासमोर आणले आहेत. तुमच्या आवडत्या ब्रुअरीने तुम्हाला कधी निराश केलं आणि तरीही तुम्ही परत का गेलात, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.