कृष्णविवराचे वैद्यकीय निरूपण

१० सप्टेंबर २००८ रोजी जिनिव्हाजवळील 'सर्न' या संस्थेच्या २७ किलोमीटर परिघाच्या भूमिगत यंत्रात प्रोटॉनांचा पहिला झोत फिरविण्यात आला. या यंत्रातून कृष्णविवर निर्माण होऊन पृथ्वी गिळंकृत होणार, असा धोशा त्यापूर्वी आपल्या वृत्तवाहिन्यांनी लावला होता. मध्य प्रदेशातील एका मुलीने याच भयापोटी विषप्राशन केल्याचे वृत्तही तेव्हा आले. वास्तविक त्या यंत्रातील टकरींहून अधिक ऊर्जेचे वैश्विक किरण अब्जावधी वर्षे पृथ्वीवर आदळत आहेत आणि तरीही पृथ्वी शाबूत आहे, हे साधे उत्तर शास्त्रज्ञांनी दिले होते. ते ऐकण्यास फारसे कोणी थांबले नाही.

पुढे ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉनशी जुळणारा कण सापडल्याची घोषणा झाली आणि 'देवकण' हा शब्द घरोघरी पोहोचला. हे नाव लिऑन लेडरमन यांच्या १९९३ च्या पुस्तकाच्या शीर्षकावरून रूढ झालेले; त्या कणाचा ईश्वराशी काही संबंध नाही. तथापि आपल्या व्यासपीठांवरील एका जुन्याच निरूपणास त्यामुळे नवा बहर आला. वात, पित्त, कफ म्हणजे इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, न्यूट्रॉन; ओज म्हणजे देवकण; आकाश महाभूत म्हणजे कृष्णविवर! टाळ्या पडतात, वक्ता कृतार्थ होतो. आमच्या मते मात्र हे आपल्या शास्त्रास भूषणावह नाही.

शरद ऋतूत पित्ताचा प्रकोप होतो. प्रोटॉनांचा होतो काय? वसंतात कफ प्रकुपित होतो. न्यूट्रॉनांचे काय होते? दोष देश, काल, वय व आहार यांनुसार कमी-अधिक होतात. इलेक्ट्रॉन मात्र मेहकरातही तोच आणि मुंबईतही तोच. शिवाय प्रोटॉन व न्यूट्रॉन हे स्वतःच क्वार्कांचे बनलेले असतात. ज्या पायावर आपण त्रिदोषांची इमारत नेऊन ठेवतो, तो भौतिकशास्त्राच्याच दृष्टीने अखेरचा पाया नव्हे.

चरकाचार्यांचा संयम येथे स्मरावा. शारीरस्थानाच्या सातव्या अध्यायात ते म्हणतात की, परमाणुभेदाने पाहिल्यास शरीराचे अवयव असंख्य ठरतात, कारण ते अतिबहु, अतिसूक्ष्म व अतींद्रिय आहेत. एवढे सांगून आचार्य थांबतात. त्या परमाणूंचे कल्पित वर्णन करीत बसत नाहीत. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तर त्यांनी 'संशयसम' नामक हेतुदोष सांगितला आहे. आयुर्वेदाचा एखादा अंश बोलणारा मनुष्य वैद्य आहे की नाही, असा संशय असताना 'तो अंश बोलतो, म्हणून तो वैद्यच' असे म्हणणे, हे त्याचे उदाहरण होय. चार शब्द पाठ करून वैद्य म्हणविणाऱ्यांची आपण निर्भर्त्सना करतो. मग चार शब्द पाठ करून आपण भौतिकशास्त्रज्ञ कसे ठरतो?

निर्णय कसा होतो, याचा वस्तुपाठ आपल्या जिल्ह्यातच आहे. लोणारचे विवर ज्वालामुखीचे की अशनिपाताचे, हा वाद दीर्घकाळ चालला. खडकातील स्फटिकांवर प्रचंड आघात झाल्याखेरीज न बनणारी काच तेथे आढळली, आणि अशनिपाताचा पक्ष सिद्ध झाला. विवराचे वय सुमारे ५२,००० वर्षे मानले जाई. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे ठरविले. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा तर्कांना ऊत आला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुना तपासला. पाणी स्थिर ठेवताच लवणप्रिय सूक्ष्मजीव तळाशी बसले व वरचे पाणी निवळले. एका पात्रातील निवळ पाण्याने सारे तर्क निकालात काढले.

औषधनिर्मात्या बंधूंसही विनंती आहे. 'क्वांटम शक्ती' अथवा 'देवकण-ऊर्जा' अशी भाषा माहितीपत्रकात नसावी. घटकद्रव्ये, मात्रा, अनुपान व पथ्य नीट सांगितले, तर औषधास अन्य अलंकार लागत नाही.

कुतूहलास आमचा विरोध नाही. वाशीम ओलांडले की हिंगोली. तेथे औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या 'लायगो-इंडिया' वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. कृष्णविवरांच्या मीलनातून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी चार-चार किलोमीटर लांबीच्या बाहूंनी टिपणे, हे तिचे कार्य. २००८ प्रमाणे अफवा पुन्हा उठतील आणि आपल्या औषधालयाच्या बाकावर बसलेला रुग्ण विचारील, "वैद्यबुवा, हे खरे का?" खेड्यात वैद्याच्या शब्दास आजही वजन आहे. अशा वेळी 'आमच्या ग्रंथात हे आधीच आहे' असे सांगण्यापेक्षा, 'हा माझा विषय नव्हे, पण जाणत्यांचे म्हणणे असे आहे' असे सांगून त्याची भीती दूर करावी. त्यातच वैद्याची प्रतिष्ठा आहे.