‘आळशी’ म्हणण्याआधी : एडीएचडीत काम सुरूच का होत नाही?

परीक्षा उद्यावर, पुस्तक समोर. तरी मुलगा पहिले पान उलटत नाही. गगनबावड्यात काय, कोल्हापुरात काय, घरचे त्याला आळशीच ठरवतात. एडीएचडीत इच्छा असते. पण ठरवलेल्या कामाला हात घालणे मेंदूला जड जाते. दूरचा निकाल त्याला हलवत नाही, समोरची निकड हलवते. त्यामुळे ओरडल्यावर काम होतेही. पण मूल स्वतःला नालायक समजू लागते.

काय करावे? ‘अभ्यास कर’ऐवजी ‘वही उघड, तारीख लिही’ म्हणा. १० मिनिटांचा गजर लावा, शेजारी बसा.

निदान मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडूनच घ्यावे. त्यासाठी गगनबावड्याहून कोल्हापूर गाठायचे तर सुमारे ५५ किलोमीटर. पहिला सल्ला घरबसल्या मिळतो : टेलिमानस, १४४१६. मोफत, २४ तास, मराठीतही. रागवण्याआधी हा क्रमांक फिरवावा.