‘आपल्या घरात असतंच’ म्हणून पाळीचं दुखणं सोडून देऊ नका

पाळी आली की मुलगी पोट धरून अंथरुणात पडते. कॉलेज बुडतं, गोळी घेऊनही आराम पडत नाही. अशा वेळी घरात एक उत्तर तयार असतं: ‘मलाही असंच दुखायचं, तुझ्या मावशीलाही दुखायचं. आपल्या घरात असतंच. लग्न झालं की थांबेल.’

सांगणाऱ्याचा हेतू धीर देण्याचा असतो. पण माझं मत याच्या नेमकं उलट आहे. घरात दोघी-तिघींना असं दुखत असेल, तर मुलीला डॉक्टरांकडे लवकर न्यायला हवं. या दुखण्यामागे एंडोमेट्रिओसिस असू शकतो, आणि या आजाराचा कल आनुवंशिक असतो.

हा आजार काय आहे?

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजांडकोशावर, ओटीपोटाच्या आवरणावर, कधी आतड्यांवर वाढतात. तिथे सूज येते, अवयव एकमेकांना चिकटू लागतात, वेदना होतात, काहींना गर्भ राहायला अडचण येते. ‘चॉकलेट सिस्ट’ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ती याच आजारामुळे बीजांडकोशात झालेली, जुन्या रक्ताने भरलेली गाठ. पाळी येण्याच्या वयातल्या साधारण १० पैकी १ स्त्रीला हा आजार असतो.

तो होतो कसा? पाळीचं थोडं रक्त गर्भनलिकांमधून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात, असं अमेरिकन डॉक्टर जॉन सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये मांडलं. पण असं रक्त बहुतेक स्त्रियांच्या पोटात थोडंफार जातच असतं. मग आजार काहींनाच का होतो? या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग जनुकांमध्ये आहे.

जनुकांचा वाटा किती?

ऑस्ट्रेलिया आणि स्वीडनमधल्या जुळ्या बहिणींच्या अभ्यासांतून हा वाटा साधारण निम्मा निघाला. याचा अर्थ ‘आईला आहे म्हणजे मुलीला ५० टक्के होणार’ असा मात्र नाही. समाजात एकीला हा आजार होतो आणि दुसरीला होत नाही, या फरकामागे निम्मं कारण जनुकांचं आणि बाकीचं इतर गोष्टींचं, एवढाच त्याचा अर्थ. सख्ख्या बहिणीला किंवा आईला आजार असेल तर धोका इतरांपेक्षा काही पटींनी वाढतो, पण तो होणारच असं नाही.

एकच ‘खराब’ जनुक यात सापडत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ६० हजारांहून अधिक रुग्णांची जनुकीय माहिती आजार नसलेल्या ७ लाखांहून अधिक व्यक्तींशी ताडून पाहिली. आजाराशी संबंधित ४२ जागा सापडल्या. प्रत्येकीचा परिणाम अगदी थोडा. त्यांतल्या काही हार्मोन्सशी, तर काही वेदना जाणवण्याशी जोडलेल्या आहेत. मायग्रेन आणि पाठदुखीशीही या आजाराचं काही प्रमाणात जनुकीय नातं दिसलं. तेव्हा ‘ही जरा जास्तच नाजूक आहे’ असं म्हणण्याआधी थांबा. तिची वेदना खरी आहे.

आणखी एक अडचण आहे. अशा अभ्यासांतल्या स्त्रिया प्रामुख्याने युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या आहेत. भारतीय स्त्रियांसाठी असं काम मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेच्या पुढाकाराने सुरू झालं, ही चांगली गोष्ट आहे. पण आज तुम्हाला हा आजार आहे की नाही, किंवा पुढे होईल का, हे सांगणारी जनुक तपासणी उपलब्ध नाही. त्यासाठी पैसे घालवू नका.

मग घराण्याची माहिती कशी मिळवायची?

‘घरात कुणाला एंडोमेट्रिओसिस होता का?’ असं विचारलं तर बहुतेक घरांत ‘नाही’ असंच उत्तर येतं. मागच्या पिढीत निदानच झालं नव्हतं. म्हणून वेगळे प्रश्न विचारा:

- पाळीत कुणाला अंथरूण धरावं लागायचं?
- कुणाची गर्भपिशवी कमी वयात काढली? कशासाठी?
- कुणाला मूल व्हायला फार उशीर झाला, किंवा झालंच नाही?
- कुणाच्या बीजांडकोशात गाठ निघाली होती?

‘हो’ म्हणजे एंडोमेट्रिओसिसच असं नाही, कारणं दुसरीही असतात. पण ही माहिती डॉक्टरांच्या कामाची असते. आणि फक्त माहेरच्या बाजूला थांबू नका. जनुकं वडिलांकडूनही येतात, त्यामुळे मावशीइतकीच आत्याही महत्त्वाची.

हे प्रश्न आपण टाळतो, कारण ‘घराण्यात दोष आहे’ असा बोभाटा झाला तर मुलीच्या स्थळांचं काय, ही भीती असते. भीती मी समजू शकतो. पण लपवल्याने आजार थांबत नाही, निदान तेवढं लांबतं. आधीच या आजाराच्या निदानाला अनेकदा कित्येक वर्षं लागतात. आणि आईने स्वतःला दोष देण्याचंही काही कारण नाही. आपली जनुकं कुणी निवडून घेत नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

दुखण्यामुळे शाळा-कॉलेज किंवा काम बुडत असेल, नेहमीच्या गोळीने आराम पडत नसेल, पाळीत शौचाला किंवा लघवीला दुखत असेल, संबंधाच्या वेळी खोलवर दुखत असेल, किंवा पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. घरातली माहिती स्वतःहून सांगा. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाहीच, असं समजू नका. प्रत्येकीला दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचीही गरज नसते. लक्षणांवरून अंदाज घेऊन वेदनाशामक किंवा हार्मोनच्या गोळ्यांनी उपचार सुरू करता येतात. ‘लग्न झालं, मूल झालं की बरं होईल’ हा मात्र उपचार नाही.

आईला जे सोसावं लागलं ते तेव्हा इलाज माहीत नव्हता म्हणून. मुलीच्या बाबतीत ते कारण उरलेलं नाही. पुढची पाळी येण्याआधी अपॉइंटमेंट घ्या.