नेम कितीवर बांधला, हे आधी विचारा



मालदांडी हुरड्यात आली की रानडुकरांचा कळप एका रात्रीत वावर आडवे करतो. बियाणे आमचे, राखण आमची आणि डुक्कर तेवढे सरकारचे! 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाची नासाडी करणारे डुक्कर मारण्यास अधिकृत वनाधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती मागणे आमचा हक्क आहे. पण कागद हातात आला म्हणजे काम झाले, असे आम्ही मानत नाही.

बंदूक कितीवर ‘झिरो’ केली, म्हणजे नेम किती अंतरावर बांधला, हे कोणीच विचारत नाही. दुर्बीण नळीच्या साधारण दीड इंच वर बसते. गोळी नजरेच्या रेषेखालून निघते, रेषा ओलांडून वर चढते आणि पुढे पुन्हा खाली येते. कोणी हौसेने 200 मीटरवर नेम बांधला, तर 100 मीटरवर गोळी वर लागते. संथ गोळीच्या रायफलीत हा फरक वीतभराच्या जवळ जातो. छातीवर धरलेला नेम पाठीला चाटतो. जखमी डुक्कर ज्वारीत दडते आणि सकाळी काढणीला गेलेल्या बायामाणसांवर उलटते.

आमच्या बांधावर डुक्कर रात्री 30 ते 60 मीटरवरच दिसते. म्हणून रायफलीचा नेम 50 मीटरवर बांधावा. 100 मीटरपर्यंत फरक दोन-तीन बोटांत राहतो. पीकसंरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीची बंदूक दुर्बीण लावून सुधारत नाही. ती 30-40 मीटरपुढे चालवूच नये. आपले रान सपाट आहे. रायफलीची चुकलेली गोळी दोन-तीन किलोमीटर जाते. माचाणावरून, खाली जमिनीकडेच मारावे. नुसत्या सळसळीवर कधीही नाही. तिथे शेजारचा राखणदारही असू शकतो.

काळवीट आणि लांडगा पहिल्या अनुसूचीत आहेत. पीक खाल्ले किंवा मेंढरू नेले म्हणून त्यांच्यावर बंदूक उचलता येत नाही. तिथे भरपाईसाठीच भांडावे लागेल. हौसेची शिकार तर 1991 च्या दुरुस्तीने बंदच झाली आहे.

आमची मागणी सरळ आहे. हुरड्याच्या आधी प्रत्येक तालुक्यात पोलिसांच्या देखरेखीखाली, खाली बसून, कागदी निशाणावर 50 मीटरची चाचणी घ्या. पाच गोळ्या वीतभर वर्तुळात बसतील, त्यालाच गावाचे काम द्या. दारूगोळ्याचा खर्च सरकारने सोसावा. डुक्कर त्यांचे असेल, तर त्याचा खर्चही त्यांचाच!

हा ठराव प्रत्येक गावाने जिल्हा बैठकीत मांडावा.