चौथी हालचाल कशासाठी?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. ज्यांची मुलं-नातवंडं कराटेला जातात त्यांनी रागावलं तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

माझी नात मनू नववीत आहे. पाच वर्षं शोतोकान कराटे शिकतेय. कपाटात मेडल्स, कमरेला ब्राऊन बेल्ट. मध्यंतरी ट्यूशनच्या जिन्यात एका मुलाने तिचं मनगट धरलं. मैत्रिणी खाली उतरून गेलेल्या. तिने हिसके दिले, सुटेना. वरून कुणाच्या तरी चपला वाजल्या तेव्हा कुठे त्याने सोडलं. त्या मुलाचं पुढे जे व्हायचं ते त्याच्या आईवडिलांसमोर झालं, तो आजचा विषय नाही. विषय आहे रात्री मनू मला जे म्हणाली तो. "आजी, आमच्या कातामध्ये कुणी हात धरतच नाही गं."

काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली. (मी आधी पानातला कात समजले होते. असो.) शोतोकानमध्ये पहिला शिकवतात तो हेइआन शोदान, एकवीस हालचालींचा. मनूने तो शेकडो वेळा केला असेल.

माझा भाचा इंग्लंडात असतो, तोही कराटेवाला. त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मामी, तिला विचार, चौथी हालचाल कशासाठी आहे?" चौथ्या हालचालीत पुढचा पाय मागे घेतात, मूठ आपल्याकडे ओढतात, गोल फिरवून वरून खाली हाणतात. हीच तर धरलेलं मनगट सोडवण्याची हालचाल! पकड अंगठ्याच्या बाजूला कच्ची असते, तिथून हात निघतो. पाय मागे आल्याने सगळ्या अंगाचं वजन त्या ओढीला मिळतं. आणि सुटलेली मूठ हातोडीसारखी धरणाऱ्यावरच पडते.

मनूला विचारलं. ती म्हणाली, "वर्तुळ मोठं दिसलं पाहिजे, परीक्षक बघतात."

मी क्लासमध्ये गेले. शिकवणारे सर भले गृहस्थ, मला खुर्ची दिली. म्हणाले, "काकू, आधी फॉर्म. अर्थ ब्लॅक बेल्टनंतर." म्हणजे मुलीचा हात धरणाऱ्याने तोवर थांबायचं का?

मग भाच्याने पाठवलेलं इंग्रजी डिक्शनरी घेऊन वाचलं. आमचं बीए मराठी माध्यमातलं, वेळ लागला. ओकिनावाच्या आंको इतोसूंनी 1901 च्या सुमारास कराटे तिथल्या शाळेत आणलं. मुलांसाठी पिनान काता बसवले, तेच फुनाकोशींनी पुढे हेइआन केले. शाळा म्हटली की रांगा, आकडे आणि कवायत. साठ मुलांचा वर्ग मीही सांभाळला आहे, त्यामुळे इतोसूंना मी दोष देणार नाही. शिवाय 1908 च्या पत्रात त्यांनीच बजावलं आहे की प्रत्येक हालचालीचा अर्थ आणि ती कधी वापरायची हे समजून घ्या. कवायत उरली, पत्र विसरलं गेलं.

ठोसा मारताना दुसरी मूठ कमरेवर येते ना, ती का? मनू म्हणते, "ताकद येते." फुनाकोशींनी तर लिहून ठेवलंय की समोरच्याचा हात पकडून ओढायचा, त्याचा तोल घालवायचा. ती मूठ रिकामी नव्हतीच! फुनाकोशी स्वतः शाळामास्तर, म्हणून मला ते जरा जास्तच जवळचे वाटतात.

मीही हेच पाप केलंय बरं का. वर्षानुवर्षं मुलांकडून वृत्तांची लक्षणं पाठ करून घेतली, कविता चालीत म्हणून दाखवायला वेळ नसायचा. पण वृत्त न कळल्यामुळे कुणाचं मनगट जिन्यात अडकलं नाही.

काता सुंदर असतो हे मला मान्य आहे. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये ओकिनावाच्याच र्‍यो कियुनाला सुवर्ण मिळालं, ते मी मनूबरोबर बसून पाहिलं आणि टाळ्याही वाजवल्या. माझं भांडण त्या कलेशी नाही. भांडण आहे क्लासच्या बोर्डावरच्या 'मुलींसाठी स्वसंरक्षण' या अक्षरांशी. ती अक्षरं ठेवायची तर मनगट, केस, गळा, पाठीमागून मिठी हे सगळं क्लासात धरून दाखवा, आणि मुलींना धरणाऱ्याला खरोखर घट्ट धरू द्या. गुलाबाचं फूल धरल्यासारखं नको. नाहीतर बोर्डावर 'व्यायाम व स्पर्धा' लिहा, फी तेवढीच घ्या, आमची ना नाही.

आमचे चिरंजीव दुसऱ्या टोकाचे. "काता म्हणजे नाच, तिला बॉक्सिंगला घाला." अरे, पण बॉक्सिंगमध्ये तरी कोण मनगट धरतं? पाच वर्षांची मेहनत तिच्या हातापायांत आहेच, ती टाकून कशाला द्यायची? फक्त सांगायचं राहिलंय. आणि सुटल्यावर पळायचं, तिथे थांबून मेडल मिळत नाही, हेही सांगायचं राहिलंय.

हल्ली दर रविवारी हॉलमधला टीपॉय बाजूला करतो. तिचे बाबा मनगट धरतात, चांगलं करकचून. पहिल्या रविवारी सुटलं नाही. तिसऱ्या रविवारी सुटलं, आणि त्यांचा चष्मा सोफ्याखाली गेला. परवा मी म्हटलं, आता मी धरते. माझी एक बांगडी वाढवली, पण उद्या परत धरणार आहे.