धार किती?

आमच्या वस्तीत चाकूची पारख हातावरचे केस भादरून करतात. पोरं खूश. मी म्हणतो, साल्यांनो, केस भादरायला न्हावी आहे. गोदीत आम्हाला काथ्याचा दोर तोडायचा असतो. आरशासारखी गुळगुळीत धार दोरावरून घसरते. खरखरीत दगडावर ओढलेली, बारीक दाते राहिलेली धार तंतू पकडते, तोडते. कोनही फार निमुळता नको. एका बाजूला २०-२५ अंश पुरे. पातळ धार गाठीवर मुडपते.

शेजारच्या चांभारकाकांची रापी वेगळी. चामडं एका ओढीत सुटलं पाहिजे, म्हणून ते सारखी दगडावर घासत बसतात. त्यांना तशी धार पाहिजेच.

पण बोथट कुणालाच नको. मुकादमानं आम्हाला बोथट चाकू वाटले. म्हणे, तुमच्या पोरांच्या हातात धारदार नको. (तुमच्या म्हणजे कुणाच्या, ते सगळ्या टोळीला कळलं.) बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की पातं सटकतं. माझ्या डाव्या अंगठ्याला पाच टाके पडले. वर त्या दिवसाची हजेरी कापली.

आता दगड मीच खिशात घेऊन जातो. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचे चाकू घासतो. मुकादम बघतो. बघू दे.