पाणपोई

आमच्या अक्काचा फोन आला की मी आधी खुर्ची ओढून घेतो. अक्का साताऱ्याहून बोलते आणि अगदी सवडीने बोलते. पण मार्चमधल्या त्या दिवशी तिने मोजून दोन वाक्ये उच्चारली. “आमचं कार्टं अमेरिकेत सायकलवरून या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत जायचं म्हणतंय. तू मास्तर माणूस, तूच त्याला समजाव.”

मामाचा अधिकार आणि मास्तरांची वाणी! मी लगेच होकार दिला. बोलण्याआधी थोडी माहिती असावी, म्हणून त्या वाटेविषयी वाचायला बसलो आणि तिथेच फसलो.

‘ट्रान्सअमेरिका’ हे त्या वाटेचे नाव. पूर्वेला व्हर्जिनियातले यॉर्कटाउन, पश्चिमेला पॅसिफिकजवळचे ऑरेगनमधले अ‍ॅस्टोरिया. मध्ये सुमारे ४,२०० मैल आणि दहा राज्ये. वाटेत कॅन्ससची सपाट शेते, आणि कोलोराडोत साडेअकरा हजार फुटांवरची हूझियर खिंड.

मला वाटले, ही वाट कोणी मुद्दाम बांधली असेल. तसे मुळीच नाही. १९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली. त्या निमित्ताने बर्डन आणि सायपल या दोन तरुण जोडप्यांनी पुढाकार घेतला आणि मुळात असलेलेच आडरस्ते नकाशावर एकमेकांना जोडले गेले. त्या उन्हाळ्यात सुमारे चार हजार माणसे सायकली घेऊन निघाली. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांनी सारा पल्ला पुरा केला.

पण मी अडकलो तो अ‍ॅफ्टन या गावापाशी. व्हर्जिनियातल्या ब्लू रिज डोंगराच्या चढावर हे छोटेसे गाव आहे. त्याच उन्हाळ्यात घामाघूम झालेले सायकलवाले तिथल्या जून करी नावाच्या बाईंच्या दाराशी पाणी मागू लागले. बाईंनी पाणी दिले. जवळपास खायचे काही मिळत नाही, हे पाहून त्या बिस्किटे भाजून देऊ लागल्या. पुढे मुक्कामाला एक घरही मोकळे करून दिले. सायकलवाले त्यांना ‘कुकी लेडी’ म्हणत. २०१२ साली त्या वारल्या, तोवर हजारो माणसे त्यांच्या दारावरून तृप्त होऊन गेली होती.

हे वाचले आणि वाचकहो, मला खंबाटकी घाट आठवला.

पंचवीस वर्षांपूर्वी, भाऊबीजेच्या दिवशी, मी पुण्याहून अक्काकडे सायकलने निघालो होतो. घाटाच्या पायथ्याशी पोहोचलो तेव्हा दुपार टळटळत होती. बाटली रिकामी. समोर एक घर, अंगणात माठ, दारात धान्य पाखडणारी आजी. दोन पावले पुढे टाकली असती की झाले! पण परक्याच्या दारी पाणी कसे मागावे? कॉलेजात शिकणारा मी लाजलो. थोडा चढ चढलो, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि सायकल एका ट्रकमध्ये टाकून साताऱ्याला उतरलो. अक्काला सांगितले, “पंक्चर झालं.” आजतागायत तेच सांगत आलो.

भाच्याला फोन केला, तेव्हा समजावणीचे सारे मुद्दे कागदावर तयार होते. ते तसेच राहिले. मी त्याला माठाची गोष्ट सांगितली आणि म्हटले, “जायचं तर जा. पण पाणी मागायला लाजू नकोस. आणि आईला रोज कळवत जा.”

“मामा, तू मला अडवणार होतास ना?” तो म्हणाला.

“तो कागद हरवला,” मी म्हटले.

मे महिन्यात तो यॉर्कटाउनहून निघाला. अक्काने माझ्याशी बोलणे सोडले. जूनअखेरीस कॅन्ससहून त्याचा निरोप आला, “आज एका शेतावर पाणी मागितलं. आजीबाईंनी जेवूनच जा म्हटलं.” तो निरोप मी अक्काला धाडला, आणि त्याखाली पंचवीस वर्षांचे ते पंक्चरही एकदाचे कबूल करून टाकले. उत्तर आले नाही.

ऑगस्टमध्ये पोरगा अ‍ॅस्टोरियाला सुखरूप पोहोचला. गेल्या महिन्यात कामासाठी साताऱ्याला गेलो होतो. अक्काच्या फाटकाशी तिवईवर एक नवा माठ, वर झाकणी, शेजारी साखळीने बांधलेला पेला. घरपोच सामान आणणारा एक मुलगा घटाघटा पाणी पीत होता. मी नुसता पाहत उभा राहिलो.

अक्का दारात आली. चार महिन्यांनी तिचे पहिले शब्द कानांवर पडले.

“बघतोस काय? पाणी हवं तर माग की!”

मी मागितले.